आईचे मन : एक न लिहिलेला इतिहास

गणपतीच्या पाठोपाठ आपल्या घरांत महालक्ष्म्या येतात. पुण्या-मुंबईची मंडळी त्यांना गौरी म्हणतात, आपण नागपूरकडचे लोक महालक्ष्म्याच म्हणतो. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, अंबील, पुरणपोळी, कढी, वडे आणि वर पंचवीस-तीस पाने. बालाघाटच्या आमच्या घरी हे सगळे आईने तीस वर्षे उभ्याने केले.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या. आई स्वयंपाकघरात पालेभाजीची जुडी पुढ्यात घेऊन बसली होती, पण निवडत नव्हती. म्हणाली, "बाबू, यंदा माझ्यानं होत नाही." मी ऑफिसला निघालो होतो. बूट घालता घालता म्हणालो, "सणासुदीचं असं बोलू नये, आई." बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "हल्ली तिचा स्वभावच तसा झाला आहे." आईने त्या वर्षीही सोळा भाज्या केल्या. पाने वाढली, आरती झाली, पाहुणे गेले. तेव्हा ती ५३ वर्षांची होती. तिला रात्र-रात्र झोप येत नव्हती, हे आम्हाला त्यानंतर नऊ वर्षांनी कळले.

मी राज्य शासनाच्या सेवेत उपयंत्री आहे, शिक्षण पदविकेपर्यंत. डॉक्टर नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. जुनी गॅझेटिअरे आणि आत्मचरित्रे वाचण्याचा नाद आहे, इतकेच. यंदाच्या स्मरणिकेसाठी लांजीच्या किल्ल्यावर लिहायचे ठरवले होते. पण लिहायला बसलो की ती न निवडलेली भाजीची जुडी डोळ्यांसमोर येई. शेवटी किल्ला बाजूला ठेवला.

आमच्या खात्यात एक नियम आहे. जे काम माप-पुस्तिकेत चढले नाही, ते झालेच नाही असे धरतात. जमिनीत गाडलेला पाया कितीही भक्कम असो, वेळेवर माप घेतले नसेल तर त्याचे बिल निघत नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या बायकांच्या मनाचा इतिहास असाच माप न घेतलेला राहिला आहे. सगळे घर त्या पायावर उभे, आणि वहीत त्याची नोंद नाही.

सरकारी वहीत काय सापडते

आधी सरकारी वही उघडून पाहू. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. आपल्या गावाला त्या वेळी बुढा म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होईपर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. आपले आजे-पणजे कचेरीत, शाळेत, मालगुजारीत, नॅरोगेज रेल्वेत, भरवेलीच्या मँगनीज खाणीत पोटापाण्यासाठी आले आणि इथलेच झाले, ते याच काळात.

या मध्य प्रांतात सरकारी पागलखाने दोन होते, एक नागपूरला आणि एक जबलपूरला. नागपूरचे १८६४ पासूनचे, आजच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचे मूळ तेच. १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यात भटकणाऱ्या वेड्या माणसाला पोलिसांनी पकडायचे, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे आणि मग इस्पितळात धाडायचे अशी रीत होती. नोंदवहीत आजाराच्या कारणाचा रकाना असे. त्यात 'गांजा' हे कारण इतक्या वेळा लिहिलेले आढळे की १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला, तेव्हा त्याने या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यातल्या पुष्कळशा भरवशाच्या नाहीत असे त्याला आढळले. पोलिसाने जे सांगितले ते कारकुनाने लिहून घेतले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की त्या काळच्या हिंदुस्थानातल्या पागलखान्यांत पुरुषांच्या मानाने बायका फारच थोड्या होत्या. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांची मने ठणठणीत होती असे समजायचे का? तसे नाही. बाजारात ओरडत फिरणारा पुरुष सरकारच्या डोळ्यांवर येई. घरातली बाई घरातच राही. फार झाले तर मागच्या खोलीत तिची बाज टाकत, पाहुणे आले की दार ओढून घेत, आणि 'तिची तब्येत बरी नसते' एवढेच सांगत. ती दंडाधिकाऱ्यापुढे गेली नाही, म्हणून वहीतही आली नाही.

भाषेने ठेवलेली नोंद

सरकारी वही कोरी असली तरी आपल्या भाषेने नोंद ठेवली आहे. 'तिने हाय खाल्ली' असे आपण म्हणतो. मूल गेले, माणूस गेले, त्या दुःखात माणूस खंगत जाते, ती हाय. अचानक भीती बसली तर 'धसका घेतला'. माहेरच्या किंवा दूर गेलेल्या लेकराच्या ओढीने बाई वाळत गेली तर 'झुरणीला लागली'. कोणाचे बोलणे आत रुतून बसले तर 'मनाला लावून घेतले'. आज डॉक्टर लोक निरनिराळ्या नावांनी जे ओळखतात, त्याचे बारकावे आपल्या अशिक्षित आजीला शब्दांनी ठाऊक होते.

पण हे शब्द जरा ताडून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. सहानुभूतीचे हे शब्द बहुधा तरुण बाईच्या वाट्याला येतात. लेकीने हाय खाल्ली, सुनेने धसका घेतला. तीच बाई पन्नाशीला आली की शब्द बदलतात. आता ती खाष्ट, कजाग, हेकट होते. साठीनंतर 'साठी बुद्धी नाठी' आणि 'म्हातारचळ'. म्हणजे वय वाढले की आजार संपतो आणि स्वभाव सुरू होतो! माझ्या बाबांनी वर्तमानपत्रामागून उच्चारलेला तो शब्द त्यांच्या एकट्याचा नव्हता. तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता.

पाळी जाण्याबद्दलही असेच. 'सुटली एकदाची' म्हणत. विटाळ संपला, आता बाईला देवघर महिनाभर मोकळे. मान वाढला खरा, पण त्याबरोबर सोवळ्याचा सगळा स्वयंपाक तिच्याच गळ्यात पडला. ज्या चार-पाच वर्षांत शरीर आतून सर्वांत जास्त हलत असते, अंगातून वाफा निघतात, झोप तुटते, छाती धडधडते, नेमक्या त्याच वर्षांत तिच्यावर सणांचा सगळा भार येतो. ही गोष्ट कुठल्याही पुस्तकात मला सापडली नाही. आईकडे पाहून सुचली.

काही बायांच्या अंगात येई. एरवी जिचे कोणी ऐकत नसे, ती केस सोडून घुमू लागली की सासरे-दीरसुद्धा हात जोडून उभे राहत. त्यात श्रद्धा किती आणि कोंडलेले मन किती, याचा निवाडा मी करणार नाही. आपल्या भागातून आजही सौंसरजवळ जामसावळीच्या मारुतीला मन बिघडलेल्या माणसांना नेतात. देवाला जरूर न्यावे. तिथे निदान घरचे चार लोक आपल्या माणसाबरोबर बसतात. फक्त डॉक्टरची गोळी चालू असेल तर ती बंद करून नेऊ नये, एवढीच विनंती.

जाते, भुलाबाई आणि बहिणाबाई

मग पूर्वीच्या बाया हे सारे ठेवत कुठे? त्याचे एक ठिकाण म्हणजे जाते. पहाटे दोघी समोरासमोर बसत, खुंट्याला हात लावत आणि ओवी सुरू होई. सासर, माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार, मेलेले लेकरू, सगळे त्यात येई. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. बाईने स्वतःच्या मनाबद्दल केलेली एवढी मोठी नोंद दुसरीकडे क्वचितच असेल. आपल्याकडे धानाचा मुलूख, म्हणून जात्याबरोबर उखळ-मुसळही होते. कांडतानाही दोघी-तिघी लागत आणि बोलणे होई.

पुढे पिठाची गिरणी आली, राईस मिल आली. बायांचे खांदे वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. त्या कष्टांचे गोडवे आपण पुरुषांनी गाऊ नयेत. पण कष्टांबरोबर ती पहाटेची तासभर सोबतही गेली, आणि तिच्या जागी काही आले नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई मांडून गाणी म्हणायची रीत विदर्भात होती. आपल्या काही घरांतही ती होती. तीही आता आठवणीपुरतीच राहिली आहे.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १८८० चा जन्म, जळगावजवळचे असोदे माहेर. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. शेतात आणि घरात राबता राबता ती रचत गेली. लिहिता येत नव्हते, मुलगा सोपानदेव आणि दुसरे एक नातलग ऐकून लिहून घेत. १९५१ मध्ये ती गेली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी छापून आली. मनावरच तिची एक प्रसिद्ध रचना आहे. कोणी तरी ऐकून लिहून घेतले, म्हणून ते मन आपल्यापर्यंत पोचले. तिच्यासारख्या ज्या असंख्य बायांजवळ ऐकणारा नव्हता, त्यांचे काय झाले असेल?

रमाबाईंचे एक वर्ष

आता एका घराकडे जरा बारकाईने पाहू. रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ चा. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचे लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झाले. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याला कडाडून विरोध केला. टोमणे, अबोला, कामाचा मारा, सगळे झाले. रमाबाईंनी हे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात सांगितले आहे, आणि तेही फारसा कडवटपणा न ठेवता.

शाळेत असताना या गोष्टी ऐकल्या, तेव्हा त्या वडीलधाऱ्या बायकांचा मला राग येई. आता वाटते, त्यांच्याकडेही एकदा बघायला हवे होते. त्यांत न्यायमूर्तींची बहीण होती, ऐन तारुण्यात विधवा झालेली. तिला शिकवायला कोणी बसले नव्हते. डोळ्यांदेखत धाकटी भावजय पुस्तक घेऊन बसते आणि आपल्या वाट्याला स्वयंपाकघर आणि पोथी, यातून मन आंबट होणार नाही तर काय? सासुरवास हा जुलूम होताच, त्यात शंका नाही. पण त्या जुलमामागे कितीतरी वेळा एखादे न विचारलेले दुःख बसलेले असे. तसे विचारले गेले असते, तर पुढच्या सुनेचा छळ थोडा कमी झाला असता.

१६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती गेले. रमाबाईंना ३९ वे वर्ष पुरे व्हायला काही दिवस होते. पोटी मूल नव्हते. मुंबई सोडून त्या पुण्याच्या घरी आल्या आणि जवळजवळ वर्षभर लोकांपासून दूर राहिल्या. सभा नाही, भेटीगाठी नाहीत. आपण रमाबाईंचे चरित्र सांगताना हे वर्ष एका ओळीत ओलांडतो आणि लगेच 'सेवासदन' वर येतो. मला ते वर्ष महत्त्वाचे वाटते. एवढी शिकलेली, मान्यवर, पतीच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बाईसुद्धा वर्षभर उठू शकली नाही. दुःखाला वेळ लागतो, आणि तो लागण्यात कमीपणा नाही.

त्यातून त्या बाहेर आल्या त्या हळूहळू आणि माणसांतून. पुण्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात त्या जाऊ लागल्या, तिथल्या बायांशी बोलत, त्यांना वाचून दाखवत. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिथे पुढे झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथे मोठ्या वयाच्या बायकांनाही अक्षरओळख, शिवण आणि शुश्रूषेचे शिक्षण मिळू लागले. विधवेने परिचारिका व्हावे, ससून रुग्णालयात परक्यांना हात लावावा, ही त्या वेळी समाजाला न पटणारी गोष्ट होती. रमाबाईंनी ती पटवली. १९२४ मध्ये त्या गेल्या, तोवर उतारवयात रिकाम्या पडलेल्या कितीतरी बायांना त्यांनी बसायला जागा आणि हाताला काम दिले होते.

आणखी तिघी

पार्वतीबाई आठवले १८७० च्या. विसाव्या वर्षाच्या आसपास विधवा झाल्या, केशवपन झालेले. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरल्या. १९१२ मध्ये, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. एवढ्याशा गोष्टीला वीस वर्षे लागली! पुढे १९१८ च्या सुमारास, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्रजी फारसे येत नसताना त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितले आहे.

लक्ष्मीबाई टिळक १८६८ च्या. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये आपल्याच शेजारच्या राजनांदगावला जात असताना रेल्वेच्या डब्यात एका मिशनऱ्याला भेटले आणि त्यातून त्या घराची सारी दिशा बदलली. पुढची ताटातूट लक्ष्मीबाईंनी कशी सोसली, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मराठीतले सर्वोत्तम आत्मचरित्र त्या बाईने त्यानंतर लिहिले. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पूर्ण केले.

तिसऱ्या आपल्या नागपूरच्या, कमलाताई होस्पेट. जन्म १८९६ चा, कोवळ्या वयात वैधव्य. परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी वेणूताई नेने यांच्याबरोबर १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची बाळंतपणे नागपूरला या संस्थेत झाली असतील. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये त्या गेल्या, तोवर काम थांबले नव्हते.

या चौघींची नावे घेताना एक सावधगिरी हवी. 'बघ, रमाबाई कशा उठल्या, तूही ऊठ' असे उदास बाईला सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला शर्यतीची गोष्ट सांगण्यासारखे आहे. या थोर होत्याच, पण त्यांना काम मिळाले, माणसे मिळाली, निदान एक तरी ऐकणारे मिळाले. तेवढे मिळूनही काही आजारांना औषध लागतेच. ते औषध त्या काळी नव्हते, आज आहे.

वैद्यांचीही चूक झाली

स्वभाव म्हणून टाळण्याचा दोष फक्त आपल्या घरांचा नाही. मोठमोठे डॉक्टरही इथे घसरले आहेत. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९६ च्या आपल्या ग्रंथात उतारवयातल्या खिन्नतेला वेगळा आजार ठरवले. पाळी गेली की बाईला हा आजार होतो, असा समज त्यातून पक्का झाला आणि जवळजवळ ऐंशी वर्षे चालला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या यादीतून तो वेगळा आजार वगळला, कारण त्याची लक्षणे इतर वयांतल्या नैराश्यापेक्षा वेगळी नव्हती. एका टोकाला 'पाळी गेली म्हणजे असे व्हायचेच' आणि दुसऱ्या टोकाला 'तिला काही झालेलेच नाही', अशा दोन्ही चुका बाईलाच भोवल्या.

आजचे ज्ञान या दोहोंच्या मधले आहे. भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास थांबते. त्याआधीची आणि लगतची काही वर्षे शरीरातल्या संप्रेरकांचे प्रमाण वरखाली होते. त्या काळात नैराश्याचा धोका वाढतो, विशेषतः जिला आधी कधी तसा त्रास झाला असेल तिला. प्रत्येकीला तो होतोच असे नाही. थायरॉइड कमी असणे, रक्त कमी असणे, बी-१२ कमी असणे यांनीही अशीच मरगळ येते, म्हणून आधी रक्त तपासावे लागते. वय वाढल्यावर नैराश्य 'मी दुःखी आहे' असे बोलून दाखवत नाही. ते गुडघ्यांतून, पोटातून, छातीतल्या धडधडीतून आणि विसरभोळेपणातून बोलते. भारतात साठी ओलांडलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अभ्यास आहे, पुरुषांत ५.८ तर स्त्रियांत ९ टक्के. पण प्रत्येक विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. कधी ते नैराश्यच असते आणि उपचारांनी जाते.

२०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. आपले मध्य प्रदेशही त्यात होते. नैराश्य स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त आणि ४० ते ४९ या वयात जास्त आढळले. नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. म्हणजे माप आता घेतले गेले आहे. पुढचे काम अजून व्हायचे आहे.

कायदाही पुढे सरकला आहे. १९१२ च्या कायद्यात माणसाला 'वेडा' म्हणूनच संबोधले होते. तो १९८७ च्या कायद्याने गेला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरला. सरकारी दवाखान्यात हा उपचार मागताना उपकार मागितल्यासारखे वाटून घेण्याचे कारण नाही.

पुन्हा आमच्या घरी

आईची गोष्ट अर्धवट राहिली. त्या महालक्ष्म्यांनंतर आम्ही तिला एका डॉक्टरकडे नेले होते. त्यांनी रक्तदाब बघितला, गॅस आहे म्हणाले आणि ताकदीची इंजेक्शने दिली. पुढची काही वर्षे गॅसच्या गोळ्यांत गेली. पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. आईने मंगळवारच्या भजनी मंडळात जाणे सोडले. आम्ही म्हटले, दुःख आहे, निवळेल. वर्ष झाले तरी निवळले नाही. बहीण पुण्यात, धाकटा भाऊ रायपूरला. फोनवर सगळ्यांना आई 'मी बरी आहे' सांगे.

माझ्या पत्नीच्या लक्षात आले. तिने पाहिले, की आई रात्री दोन वाजता अंधारात बसलेली असते आणि वरणात दोनदा मीठ पडते. तिने आईच्या जवळ बसून साधे तीन प्रश्न विचारले, "आई, झोप येते का? जेवण गोड लागतं का? कशात मन लागतं का?" आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, म्हातारपण असंच असतं."

आम्ही तिला नागपूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. थायरॉइड कमी निघाले, नैराश्यही निघाले. दोन्हींच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काही फरक दिसला नाही आणि मी घाबरलो. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की चार ते सहा आठवडे लागतात, मध्येच सोडायचे नाही. दोन महिन्यांनी एका सकाळी आईने स्वतःहून रेडिओ लावला. त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेलो.

सगळे मिटले असे सांगणार नाही. अजून एखादा आठवडा वाईट जातो, गोळी चालू आहे. मला मात्र नऊ वर्षांचा हिशेब टोचतो. ती नऊ वर्षे मी रोज त्याच घरात होतो.

वाचकहो, मी जे केले नाही ते आपण करावे म्हणून हे लिहिले. आज आपल्यापैकी कित्येकांची मुले पुणे, बंगळूर, रायपूरला आहेत आणि घरात एक वहिनी, एक काकू, एक आजी एकटीच आहे. मराठीत मनमोकळे बोलायला तिला शेजारही उरलेला नाही. या दहा दिवसांत तिच्या घरी प्रसाद घेऊन जाल, तेव्हा जरा बसा आणि ते तीन प्रश्न विचारा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उत्तर 'नाही' असेल, तर डॉक्टरकडे न्या. ती 'आता जगून काय करायचं' असे म्हणाली, तर ते बोलण्यापुरते म्हणाली असे समजून सोडू नका. तिला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी मदत घ्या. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. आपल्या मंडळाने वर्षभर महिन्यातून एक दुपार फक्त बायकांच्या गप्पांसाठी सभागृह उघडे ठेवावे, हीही कार्यकारिणीला नम्र सूचना. भाषण नको, पाहुणे नकोत. चहा मात्र पुरुषांनी करावा.

यंदा आमच्या महालक्ष्म्यांना सोळा भाज्या चार घरांनी मिळून करायच्या ठरल्या आहेत. दोन माझ्या वाट्याला आल्या आहेत. आईने सांगितले आहे की ती फक्त अंबील करणार, बाकी कशाला हात लावणार नाही. भाजी निवडायला मी बसणार आहे, तिच्या शेजारी.

विघ्नहर्त्याने दिसणारी विघ्ने हरावीतच, पण न दिसणारी ओळखण्याची बुद्धीही आम्हाला द्यावी. गणपती बाप्पा मोरया!